नागपूरने तिसऱ्यांदा विचारलं

इंद्रभान हिवाळे विमानात नोकरीला आहे, ही गोष्ट वडनेर भोलजीतल्या बऱ्याच जणांना खरी वाटत नसे. विमान चालवतो का, असं कुणी विचारलं तर तो नाही म्हणायचा. मग विमानात करतो काय, असं विचारलं तर सांगायचा, "बोलतो." ऐकणारा हसायचा. बोलायला विमानात कशाला जावं लागतं?

पण काम खरंच ते होतं. वैमानिकांच्या पाठीमागे एका चिंचोळ्या जागेत त्याचं टेबल असे. टेबलावर रेडिओचा संच, कानांवर हेडफोन आणि उजव्या हाताखाली तारेची कळ. विमान मुंबईहून सुटलं की नागपूरला उतरेपर्यंत ते कुठं आहे, हवा कशी आहे, किती वेळात पोचेल, हे सगळं कट्टकडकट करत जमिनीवर कळवायचं आणि जमिनीवरून आलेलं कॅप्टनला सांगायचं. हे तो हवाई दलात शिकला. तिथली मुदत संपल्यावर प्रवासी विमानात लागला. त्याचा बाप दयाराम नांदुऱ्याच्या जिनात सरकीची पोती उचलायचा. आपल्या पोराचं बोलणं ढगांतून नागपूरला ऐकू जातं, एवढंच त्याला समजलं होतं आणि तेवढं त्याला पुरत होतं.

नागपूरच्या रेडिओ केंद्रावर अर्जुनराव नावाचे ऑपरेटर होते. इंद्रभानने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. पण कळीवर प्रत्येकाचा हात वेगळा असतो, जसं अक्षर वेगळं असतं. अर्जुनराव प्रत्येक शब्दानंतर किंचित थांबत, जणू समोरच्याला बसायला जागा करून देत. पहिल्या दोन अक्षरांतच इंद्रभानला कळायचं, आज तेच बसलेत. मग त्याला बरं वाटायचं.

१९६५च्या सप्टेंबरात लढाई सुरू झाली आणि हे बोलणं बदललं. हवेतलं बोलणं कुणालाही ऐकू येतं, शत्रूलासुद्धा. शत्रू आपल्या विमानाचं नाव घेऊन खोटंही बोलू शकतो. म्हणून नवा नियम आला. विमानाने हाक दिली की केंद्राने आधी त्या दिवसाचा सवाल करायचा आणि विमानाने त्या दिवसाचा जवाब द्यायचा. सवाल-जवाब दोन्ही अक्षरांत, रोज नवे. निघण्याआधी ड्यूटीवरचा अधिकारी ते कानात सांगायचा, ते पाठ करायचे, कागदावर उतरवायचे नाहीत. जवाब बरोबर आला तरच पुढचं ऐकायचं. चुकला तर ते विमान परकं समजून हवाई दलाला कळवायचं. ठिकाणाचं नावही उघड घ्यायचं नाही. नकाशाच्या चौकटींना सांकेतिक अक्षरं दिली होती, तीच पाठवायची.

त्या दिवशी सकाळी विमान मुंबईहून नागपूरला निघालं. डकोटा जातीचं जुनं विमान, आत वीस-बावीस प्रवासी. कॅप्टन भरुचा हे पारशी गृहस्थ होते. उंच, गोरे, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या. त्यांचं मराठी मुंबईच्या बाजारात शिकलेलं होतं, पण ते न लाजता बोलत.

अजिंठ्याच्या डोंगरावर ढग दाटले होते. त्या ढगांतच उजवं इंजिन खोकलं, धडधडलं आणि बंद पडलं. एका इंजिनावर डकोटा उडू शकतं, म्हणून कुणी घाबरलं नाही. पण थोड्या वेळाने डावंही तापायला लागलं. भरुचांनी विमानाचं नाक घाटाखालच्या सपाट मुलखाकडे वळवलं.

"हिवाळे," ते मागे न बघता म्हणाले, "नागपूरला कळव. आपण खाली बसणार. कुठे ते मी बघतो."

इंद्रभानने हाक दिली. ढगांतल्या विजेने कानात नुसतं तळण तळल्यासारखं होत होतं. त्या आवाजातून बारीक उत्तर आलं. अर्जुनरावांचा हात होता. त्यांनी सवाल केला, इंद्रभानने जवाब दिला. पलीकडे शांतता. मग पुन्हा तोच सवाल. जवाब पोचला नव्हता, किंवा अर्धाच पोचला होता. इंद्रभानने पुन्हा जवाब दिला, या वेळी सावकाश. त्याच क्षणी एवढी मोठी खरखर झाली की त्याला स्वतःचीच अक्षरं ऐकू आली नाहीत.

विमान ढगांतून बाहेर पडलं. खाली हिरवा-काळा मुलूख पसरला होता.

"ते मोठं वावर सपाट दिसते," भरुचा म्हणाले. "तिथे टाकतो."

इंद्रभानने मान लांबवून खिडकीतून पाहिलं. दूर खामगावच्या जिनांची धुराडी दिसत होती. अलीकडे नदीचं वळण, आणि त्या वळणाजवळचं गाव त्याने लगेच ओळखलं. पिंपळगाव राजा. त्याची थोरली बहीण रुख्मिणी त्या गावात दिलेली होती. तिला आणायला, सोडायला तो कितीदा तरी या शिवारातून चालत गेला होता.

"साहेब, ती काळी जमीन आहे," तो म्हणाला. "पंधरा दिवस पाऊस खातेय. चाकं रुतली की विमान पालथं होईल."

"मग?"

"गावाच्या त्या अंगाला उंचवटा दिसतो ना, पिवळट? ते गायरान आहे. मुरमाड जमीन, पाणी थांबत नाही. गोटे आहेत, एका टोकाला बाभळी आहेत. पण रुतणार नाही."

भरुचांनी एकदा त्याच्याकडे वळून पाहिलं. "नक्की?"

"माझ्या बहिणीचं गाव आहे."

विमान पिवळट उंचवट्याकडे वळलं.

इंद्रभान कळीवर परत आला तेव्हा कानात तिसऱ्यांदा तोच सवाल येत होता. तीच लय, शब्दानंतर तेच किंचित थांबणं. त्याने श्वास आवरला आणि एकेक अक्षर दगडावर कोरावं तसं पाठवलं. क्षणभर काहीच नाही. मग नागपूरने 'बोल' म्हटलं.

त्याने चौकटीची अक्षरं पाठवली, एक इंजिन गेल्याचं आणि दुसरं तापल्याचं सांगितलं, माणसं किती तेही सांगितलं. अर्जुनरावांनी सगळं परत म्हणून दाखवलं. एकही अक्षर चुकलं नव्हतं. शेवटी त्यांनी नियमात नसलेली दोन अक्षरं जोडली. ऑपरेटर लोक निरोप घेताना एकमेकांना शुभेच्छा म्हणून ती पाठवतात. इंद्रभानने हेडफोन काढला आणि पट्टा आवळला.

विमान गायरानावर आदळलं, उसळलं, पुन्हा आदळलं. गोट्यांवरून धडधडत धावलं. बाभळीने डाव्या पंखाचं टोक फाडलं आणि विमान तिरकं होऊन थांबलं. इंद्रभानचं कपाळ रेडिओच्या कडेवर आपटलं. पण तो उठू शकत होता. तो मागे गेला. प्रवासी रडत होते, कण्हत होते, पण सगळे जिवंत होते. फक्त एका बाईची सीट मुळासकट निखळली होती आणि सीटचा लोखंडी पाय त्या बाईंच्या मांडीत घुसला होता. मनकर्णाबाई त्यांचं नाव. वयाने साठीच्या, नागपूरला लेकाकडे निघालेल्या. रक्त थांबत नव्हतं. विमानातल्या पेटीतल्या पट्ट्या बघता बघता भिजून गेल्या.

दार उघडून इंद्रभान खाली उतरला, मागोमाग कॅप्टन भरुचा. समोर पाहिलं तर गाव धावत येत होतं. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात कुऱ्हाड, कुणाच्या हातात विळा.

लढाईचे दिवस होते. शत्रूचे सैनिक छत्र्यांनी उतरतात, अशी भीती गावोगाव पसरली होती. पिंपळगावातही लोक गस्त घालत होते. त्यात हे गोरे, उंच, गणवेशातले भरुचा समोर उभे. लोकांनी लांबूनच कडं केलं. पुढे उत्तमराव होते. गावचे पोलीस पाटील, मोठ्या वावराचे मालक. हातातली कुऱ्हाड त्यांनी खाली केली नव्हती.

"जागचे हालू नका," ते म्हणाले. "कोन हा तुमी?"

"आमी आपलेच हाओत, पाटील," इंद्रभान म्हणाला. कपाळावरचं रक्त त्याच्या डोळ्यात उतरत होतं. "प्रवाशाइचं इमान हाये. मुंबईहून नागपूरले जाऊन राह्यलं होतं. इंजिन बंद पडलं. आत एक बाई लय लागली हाये, तिले दवाखान्यात न्या लागते."

त्याची बोली ऐकून पुढचे दोघं-तिघं चुळबुळले. पण मागून कुणीतरी म्हणालं, "बोली तं शिकवूनच पाठवतात म्हनते त्याइले."

"मी वडनेर भोलजीचा हाओ. दयाराम हिवाळ्याचा पोरगा. इंद्रभान."

"आमच्यातल्या कोनी पाह्यलं तुले?" उत्तमराव म्हणाले.

"माही बहीन अठीच दिली हाये. रुख्मिणी."

तिच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्याचं तोंड गावाने कधी नीट पाहिलं नव्हतं. पण रुख्मिणी कोण हे सगळ्यांना माहीत होतं. गावाच्या कडेला नऊ वर्षांपूर्वी बौद्ध झालेली घरं होती, त्यातलं एक तिचं. त्या घरांनी गावकीची जुनी कामं सोडली, मेलेली ढोरं ओढायचं नाही म्हणून सांगितलं, तेव्हापासून गावाचं आणि त्यांचं बोलणं कामापुरतं उरलं होतं. मजुरीला बोलवायचं, मजुरी द्यायची. भांडण नव्हतं, पण येणंजाणंही नव्हतं. उत्तमराव स्वतः त्या वस्तीत नऊ वर्षांत गेले नव्हते.

"रुख्मिणीले बोलवा," उत्तमराव म्हणाले. "कोनाच्या वावरात हाये ती आज?"

ती त्यांच्याच वावरात निंदायला गेली होती. दोघं पळत गेले. तोवर सगळे तसेच उभे राहिले. विमानातून मनकर्णाबाईंचं कण्हणं ऐकू येत होतं. भरुचा एकदा पुढे सरकले, तर काठ्या वर झाल्या. ते थांबले आणि मराठीत म्हणाले, "बाई मरेल हो." त्यांच्या त्या बोलण्याने लोक आणखीच बावचळले.

रुख्मिणी आली ती धापा टाकतच. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, हातात विळा तसाच. इमान पडलं म्हणतात, तुझा भाऊ आहे म्हणतो कुणीतरी, एवढंच तिला सांगितलं होतं. लोकांनी वाट दिली. ती इंद्रभानच्या अगदी पुढ्यात आली. गणवेशात तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. अर्धं तोंड रक्ताने माखलेलं. तिने पदराचं टोक घेतलं आणि त्याचा डोळा पुसला. लहानपणी शेंबूड पुसायची तसा, जरा जोर लावूनच.

मग ती गावाकडे वळली.

"हा माहा भाऊ हाये," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "कुऱ्हाडी खाली ठेवा आन् आतल्या मान्साइले काढा."

उत्तमरावांनी कुऱ्हाड खाली ठेवली. त्यांचं पाहून सगळ्यांनी ठेवल्या.

पुढचं फार पटापट झालं. रुख्मिणी सगळ्यांआधी विमानात चढली. मनकर्णाबाईंच्या मांडीवर तिने विळ्याने फाडलेल्या लुगड्याची पट्टी अशी आवळली की रक्त थेंब थेंब व्हायला लागलं. उत्तमरावांनी आपली बैलजोडी आणवली, छकड्यात गवताची जाड गादी केली. भरुचा आणि गावातल्या चार गड्यांनी बाईंना विमानाच्या दारातून अलगद उतरवलं. उत्तमरावांची बायको आशाबाई घरातली घोंगडी घेऊन आल्या. रुख्मिणी आपल्या वस्तीतून पाण्याची घागर घेऊन आली, आणि प्रवाशांनी कोणती घागर कुठून आली हे न विचारता पाणी प्यायलं. त्यांच्या पाठोपाठ बैल आणायला पळून दमलेला गडीही प्याला.

"सडकेवर गाडी भेटन का?" इंद्रभानने विचारलं.

"भेटली तं भेटली," उत्तमराव म्हणाले. "नाई तं खामगावलोग छकडाच नेतो. रुख्मिणी, तू बस संगं. तुह्या हातानं धरलं तं बाई निजून राह्यली."

छकडा सडकेला लागला तेव्हा समोरून पोलिसांची जीप येत होती आणि जीपमागे दवाखान्याची मोटार. गावातून अजून कुणी खामगावला पोचलंही नव्हतं. नागपूरहून फोन आला होता. चौकटीत मोजकीच गावं होती. पोलिसांनी सडकेवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारत नेमकी वाट धरली होती. डॉक्टरने बाईंची नाडी पाहिली, पट्टी पाहिली आणि पट्टी सोडली नाही.

त्या रात्री इंद्रभान बहिणीकडेच राहिला. प्रवाशांना पोलिसांनी खामगावला नेलं होतं, भरुचा विमानाजवळ पहाऱ्यावरच्या शिपायांबरोबर थांबले होते. दिवेलागणीला अंगणात कुणीतरी खाकरलं. उत्तमराव होते. एकटेच.

"बाई वाचली," ते उभ्यानेच म्हणाले. "पोलिसाइनं निरोप देल्ला. म्हटलं सांगून द्याव."

"बसा ना, पाटील," रुख्मिणी म्हणाली.

उत्तमराव क्षणभर उभे राहिले आणि बाजेवर बसले. रुख्मिणीने चहा ठेवला. इंद्रभान त्यांना म्हणाला, "तुमचे लय उपकार झाले. बैल देल्ले, मानसं देल्ले."

"उपकार कायचे, बाप्पा," उत्तमराव म्हणाले. "आमी तं कुऱ्हाडी घेऊन आल्तो."

रुख्मिणीने कपबशी पुढे केली. त्यांनी चहा बशीत ओतला आणि सावकाश प्याले. मग पावसाचं, कपाशीचं बोलले. निघताना म्हणाले, "उद्या निंदाले नको येऊस, रुख्मिणी. भाऊ घरी हाये." आणि अंधारात गेले.

चौकशीसाठी इंद्रभानला नागपूरला बोलावलं. ते काम आटोपल्यावर तो विचारत विचारत रेडिओ केंद्रावर गेला. त्याने मनात अर्जुनरावांचं एक चित्र केलं होतं, धिप्पाड आणि गंभीर. टेबलाशी बसलेला माणूस ठेंगणा होता, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. इंद्रभानने नाव सांगितलं. अर्जुनराव उठले, त्याच्या कपाळावरच्या टाक्यांकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

"पहिला जवाब अर्धा आला," ते सांगू लागले. "दुसऱ्यात एक अक्षर चुकीचं ऐकू आलं. माझ्या मागे लष्कराचे एक अधिकारी उभे होते. ते म्हणाले, दोनदा चुकला, हे विमान परकं धरा. त्यांचं चुकत नव्हतं, नियम तसाच होता."

"मग?"

"तुझा हात मी ओळखला होता. पण हात ओळखीचा आहे एवढ्यावर खरं मानायचं नाही, हाही नियमच. हाताची नक्कल करणारे असतात. मी त्यांना म्हटलं, साहेब, ढगात चुकतं, मला आणखी एकदा विचारू द्या. ते घड्याळाकडे बघत होते. म्हणाले, एकदाच."

आभाराचे शब्द इंद्रभानने वाटेत जुळवले होते, ते सगळे पोकळ वाटू लागले. त्याने पिशवीतून रुख्मिणीने दिलेल्या ज्वारीच्या पापड्या काढून टेबलावर ठेवल्या.

"माझ्या बहिणीने पाठवल्यात," तो म्हणाला. "तिला सांगितलं की नागपूरला एक माणूस आहे, त्याने तिसऱ्यांदा विचारलं म्हणून दवाखान्याची मोटार वेळेत आली. ती म्हणाली, त्या मान्साले माहा नमस्कार सांग."

अर्जुनरावांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. "इतकी वर्षं इथं बसलोय," ते म्हणाले. "विमानं उतरतात, माणसं घरी जातात. इथवर कुणी आलं नव्हतं." मग त्यांनी एक पापडी मोडून अर्धी इंद्रभानला दिली.

लढाई थांबली. पाऊस उघडला. मनकर्णाबाई काठी टेकत चालायला लागल्या. त्यांचा लेक पिंपळगावला येऊन रुख्मिणीच्या पाया पडायला वाकला, तेव्हा तिने त्याला अर्ध्यातच धरलं आणि जेवायला बसवलं.

दिवाळीनंतर विमानाला नवं इंजिन बसलं. फाटलेला पंख सांधला गेला. ते उडवून न्यायला कॅप्टन भरुचाच आले आणि रेडिओवर इंद्रभानच. गायरानावर पोचून पाहतात तर दूरपर्यंत सगळे गोटे वेचून कडेला ढीग घातलेले. गावाने आणि वस्तीने मिळून वेचले होते, असं आशाबाई सांगत होत्या. भरुचांनी टोपी काढून उत्तमरावांचा हात हातात घेतला. मग रुख्मिणीकडे गेले. तिला हात द्यावा की जोडावेत हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. ती पदराआड हसली.

"बहीण, आत येऊन बघ," ते म्हणाले. "मागच्या वेळी घाईत होतीस."

रुख्मिणी आत चढली. सीटवर हात फिरवला, खिडकीतून आपलं गाव पाहिलं. इंद्रभानने हेडफोन तिच्या कानांवर ठेवला. नागपूरची कट्टकडकट चालू होती.

"काय म्हनून राह्यले?" तिने विचारलं.

"हवा चांगली हाये म्हनते. या म्हनते."

"मंग जा," ती म्हणाली आणि हेडफोन काढून त्याच्या हातात दिला. "मले वेचनीले जा लागते. कापूस फुटून राह्यला."

विमान गायरानावरून धावलं, सुटलं आणि गावावरून एक वळसा घेऊन वर चढलं. इंद्रभानने नागपूरला उड्डाण कळवलं आणि खिडकीशी वाकला. खाली उत्तमरावांच्या वावरात पांढऱ्या कपाशीत बाया ओळीने वाकल्या होत्या. आवाज ऐकून त्या सरळ झाल्या, हात वर केले. कोण कोणती ते एवढ्या उंचावरून कळत नव्हतं. त्यातली रुख्मिणी कोणती, हे त्याला ओळखता आलं नाही. म्हणून त्याने सगळ्यांनाच हात केला.